पियाराने दिलेली तारीख

अकरा नाटकांत मी विधवा झाले. प्रयोग मोजायला बसले तर आकडा हजाराच्या पुढे जाईल. बातमी घेऊन दूत यायचा, क्लॅरिओनेट खालच्या सुरात उतरायचं, मी दोन पावलं मागे सरायची आणि मग हातातल्या काचेच्या बांगड्या फळ्यांवर आपटायची. त्या बांगड्या आमची जात्रा नाटक कंपनी पेटीने विकत आणायची. चारी बाजूंना बसलेली माणसं हमसून रडायची. सगळं मिळून चार मिनिटं. एकदा पटुआखालीत माणसं इतकी रडली, की मालकांनी दुसऱ्या दिवसापासून सात मिनिटं करायला सांगितलं.

आमच्या हरिणकाठीतल्या पियाराने नाकातली चमकी काढली, तेव्हा मी तिच्या समोर बसले होते. तिला तेवढा वेळ लागला नाही. फिरकी जाम झाली होती, म्हणून बोटाला खोबरेल लावलं. मग तांदळातला खडा काढावा तशी ती काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि विचारलं, "मावशी, सोनाराचं दुकान आज उघडं असेल का?"

"असेल," मी म्हणाले.

"मग दुपारची होडी धरते."

मी वाट पाहत होते. आयुष्यभराची खोड, आता काहीतरी होईल, आता आवाज फुटेल. ती उठली आणि चुलीत लाकूड सारायला गेली.

पियारा चुरमुरे भाजते. आमच्या विषखाली नदीच्या काठी घरोघर बायका चुरमुरे भाजतात, पण पियाराच्या हाताला तोड नाही, हे तिचं वाईट चिंतणाऱ्या बायकाही कबूल करतात. जाडा उकडा तांदूळ मिठाच्या पाण्यात कालवायचा, एका चुलीवर संथ भाजायचा. दुसऱ्या चुलीवर मडक्यात वाळू तापत असते. तांदूळ त्या वाळूत ओतायचा, शिंदीच्या हिरांच्या जुडग्याने तीन-चारदा फिरवायचा. तो एकदम तडतडून फुलतो. लगेच चाळणीवर उलटा करायचा, वाळू खाली, चुरमुरे वर. एक श्वास उशीर झाला की काळे, एक श्वास घाई झाली की दाताखाली टणक. दोन बायका लागतात. तांदळाच्या चुलीवर पियाराची सासू फुलबानू बसायची, वाळूच्या चुलीवर पियारा. पंधराव्या वर्षी ती नदीपलीकडून या घरात आली तेव्हा फुलबानूनेच तिला वाळू शिकवली. कोपरापर्यंत हात भाजलेले असतात या बायकांचे. कातडी आधी लाल होते, मग तपकिरी, मग तिथलं काही कळेनासं होतं. पियारा जळता निखारा चिमटीत धरून चुलीत परत टाकते, हे मी स्वतः पाहिलंय.

नवरा लोकमान. गमत्या माणूस. मोसलेम बेपाऱ्याच्या वखारीत पोती वाहायचा आणि वाहता वाहता बेपाऱ्याची नक्कल करायचा, बेपारी मागे उभा असताना. माझ्या ओसरीवर येऊन मला म्हणायचा, "राणीमावशी, तुमच्या कंपनीत विदूषकाची जागा आहे का?" कंपनी बंद पडून तेव्हाच किती वर्षं झाली होती. तो चाटगावला जहाजं फोडायच्या कामाला गेला. पहिली दोन वर्षं ईदला आला, पैसे पाठवले. मग नुसते फोन. मग फोन बंद. नऊ वर्षं झाली होती. त्याआधी एक मूल झालं होतं, ते जगलं नाही. त्याबद्दल पियारा बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

त्या नऊ वर्षांत सासू-सुना मोसलेम बेपाऱ्याच्या तांदळावर जगल्या. तांदूळ त्याचा, पोतं त्याचं, पोत्यावर निळ्या शाईत नाव त्याचं. भाजून द्यायचे आणि पोत्यामागे मजुरी घ्यायची. तांदूळ स्वतःचा असता तर एका पोत्याला दुपटीहून जास्त सुटले असते. हा हिशेब पियाराने मला एकदाच सांगितला, चाळणी हलवता हलवता. "पाच-सहा पोती एकदा माझी झाली की झालं," ती म्हणाली. तेवढं एकच तिला हवं होतं. दुसरं काही मागताना मी तिला ऐकलं नाही.

बायकांना कर्ज देणाऱ्या समितीची बैठक माझ्या ओसरीवर भरायची, दर मंगळवारी. ओसरी मोठी आहे, एकेकाळी तिथे तालमी व्हायच्या. आता तिथे चटयांवर बायका रांगेने बसायच्या, हातात हप्त्यांची पिवळी पुस्तकं, आणि इमदादुल सर मोटारसायकलवरून येऊन हप्ते गोळा करायचे. कर्ज एकटीला मिळत नाही, पाच जणींचा गट लागतो. एकीचा हप्ता थकला तर चौघींनी भरायचा. गावातल्याच आंगुरीच्या गटात चौघीच होत्या. पाचवी मिळाल्याशिवाय तिचंही कर्ज पुढे सरकणार नव्हतं, आणि तिला घाटावर शिलाई मशीन टाकायचं होतं. म्हणून तिने पियाराला हाताला धरून आणलं.

इमदादुल सरांनी फॉर्म काढला. "नवऱ्याचं नाव?"

"लोकमान हावलादार."

"काय करतो?"

"जहाजं फोडतो. चाटगावला."

"बरं. त्याचा फोटो आणा आणि पुढच्या मंगळवारी त्याला बरोबर घेऊन या. सही माझ्यासमोर लागते."

आंगुरी म्हणाली, "सर, त्याची वाट तर आम्हीपण बघतोय. आला की आधी आम्ही दोन ठेवून देऊ, मग तुम्ही सही घ्या."

ओसरी हसली. सरही हसले, मग त्यांनी पेन थांबवलं. "म्हणजे सोडचिठ्ठी झालीय?"

"नाही," पियारा म्हणाली.

"वारला?"

"माहीत नाही."

"किती वर्षं?"

"नऊ."

सरांनी फॉर्म तिच्याकडे वळवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी वळवला. "हे बघा. विवाहित, विधवा, घटस्फोटित. तीन चौकोन आहेत. विवाहित असाल तर नवऱ्याची सही. विधवा असाल तर गावच्या युनियन कचेरीतून चेअरमनच्या सहीचा दाखला आणि घरातल्या मोठ्याचा अंगठा. चौथा चौकोन मी कुठून आणू?" माणूस वाईट नव्हता. हे बोलताना तो फॉर्मकडेच बघत होता.

पियारा उठली. "तांदूळ कालवून आलेय," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुरमुरे घ्यायला त्यांच्या अंगणात गेले तर आंगुरी आधीच चुलीपाशी उकिडवी बसलेली. बोलायची ती थांबत नव्हती. "अगं, नऊ वर्षं म्हणजे काय थोडी? जिवंत माणूस नऊ वर्षांत एकदा तरी शिंकतो. सरळ दाखला काढ. मेला म्हण. कुणाचं काय जातंय?"

"हळू बोल," मी म्हणाले आणि डोळ्याने फुलबानूकडे दाखवलं.

फुलबानू तांदूळ परतत होती. तिचा कान जरा कमी होता, पण आंगुरीचा आवाज नदीपलीकडे जातो. तिने परतणं थांबवलं नाही.

"जन्म कुणी दिला त्याला?" ती म्हणाली. "मी दिला ना? मग मीच सांगते, लिहा."

तिने चिमूटभर तांदूळ उजेडाकडे धरून पाहिला.

"अंगठा मी देते. राणी, जरा सरक तिकडे, तुझ्या सावलीत तांदळाचा रंग कळत नाही."

मी सरकले. फुलबानूने भाजलेला तांदूळ वाळूत ओतला, पियाराने जुडगा फिरवला, तांदूळ फुलला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

दाखल्याला तारीख लागते. ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. शेवटचा फोन कधी आला होता, ते पियाराला आठवेना. फुलबानूला एवढंच आठवत होतं, की त्या दिवशी बदकं विहिरीपाशी अडकली होती. आंगुरीने अक्कल चालवली. "जुनी तारीख टाका. नवी टाकलीत तर हिला विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडता येणार नाही. मग बैठकीला कोण येणार आणि तांदूळ कोण आणणार?"

"मावशी, तुम्हीच सांगा एखादी," पियारा म्हणाली. "तुम्हाला तारखा पाठ असतात."

माझ्या तोंडून निघालं, "एकोणीस जानेवारी." तो दिवस मी विसरू शकत नाही, म्हणून निघालं. साल आंगुरीने ठरवलं, सहा वर्षांपूर्वीचं.

युनियन कचेरीत चेअरमनसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण उद्या कुणी विचारलं, की लोकमान मेला तर त्याचं चाळिसावं कुठे झालं, तर मी काय सांगू? गावाला कळू दे. चार माणसं जेवू देत. मग सही करतो."

म्हणून लोकमानचं चाळिसावं, मेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी घालायचं जेवण, ठरलं. बातमी उशिरा कळली, चाटगावहून निरोप आला, असं सांगायचं. आमच्या मुलखात हे चालतं. माणूस दूर मरतो, बातमी वर्षांनी येते, जेवण तेव्हा होतं. दुवा मागितली जाते आणि लोक ताटावर बसतात. एकदा बसले, की त्या माणसाबद्दल पुन्हा कुणी विचारत नाही. फुलबानूकडे सात बदकं होती. ती तिने स्वतः पकडून दिली. नारळाच्या दुधातला बदकाचा रस्सा, मसुराची डाळ आणि भात. भाताचा तांदूळ मी दिला. नाही म्हणत होत्या, मी ऐकलं नाही.

साठ-पासष्ट माणसं अंगणात जमली. मशिदीतल्या हुजूरांनी दुवा म्हटली. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं, फक्त कुणी रडत नव्हतं. फुलबानू डाळीचं भांडं धरून बसली होती. पियारा वाढत होती. पांढरी साडी, मोकळं नाक. "रस्सा घ्या, अजून घ्या," म्हणत पंगतीतून फिरत होती. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मोसलेम बेपारी शेजाऱ्याला म्हणाला, "हे चाळिसावं आहे की बारसं?"

आंगुरीने मला कोपराने ढोसलं. "मावशी, जरा रडा की. कुणीच रडत नाही, बरं दिसत नाही."

"मी?"

"मग कोण? तुमचं काम आहे ते."

मी रडले. दोन पावलं मागे सरले, खांब धरला, आणि खालच्या सुरात लोकमानचं नाव घेतलं. तो माझ्या ओसरीवर कसा नकला करायचा ते सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला बायकांच्या रांगेत हुंदके सुरू झाले, तिसऱ्याला पुरुषांच्या. बेपाऱ्याने उपरण्याने डोळे पुसले. मी चार मिनिटांवर आणून थांबवलं. वळून पाहिलं तर पियारा माझ्यासाठी ताट घेऊन उभी होती. "निवतंय, मावशी," म्हणाली.

चेअरमनसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सही केली. चमकीचे आले ते समितीत आधी भरायच्या बचतीला गेले. तीन आठवड्यांनी वीस हजार टका कर्ज मिळालं. पिवळ्या पुस्तकावर पियाराचा एकटीचा फोटो होता. बाकीच्या पुस्तकांवर दोन-दोन फोटो असत.

पहिली सहा पोती नावेतून आली, त्या दिवशी मी नारळाच्या वड्या घेऊन गेले. मला वाटलं, आज तरी. पियारा अंगणात बसून बेपाऱ्याची जुनी पोती उलटी करत होती. निळं नाव आत गेलं आणि ताग बाहेर आला. उलट्या पोत्याच्या तोंडाला ती लाल दोरा घालत होती, आपला माल ओळखू यावा म्हणून. पुढे घाटावरच्या चहाच्या टपरीत तिच्या किलोकिलोच्या पिशव्या मिळायला लागल्या, त्यांनाही तोच लाल दोरा.

"वड्या आणल्यात," मी म्हणाले.

"ठेवा तिथे. एवढं एक पोतं शिवते."

बेपारी येऊन बोलून गेला. "काय गं, आता माझ्या वखारीसमोर वखार टाकणार का?"

"नाही, चाचा. तुमची उन्हात आहे. मी सावलीत टाकीन."

एवढंच. ती हसली का, ते मी पाहत होते. धूर होता, कळलं नाही.

दोन वर्षं गेली. हप्ता एकदाही चुकला नाही. आंगुरीचं मशीन घाटावर आलं. पियाराने पहिलं कर्ज फेडलं, दुसरं फेडत आणलं. रमजान जवळ आला होता, चुरमुऱ्यांचा खरा हंगाम तो, आणि पुढच्या मंगळवारी तिसऱ्या कर्जाचा फॉर्म भरायचा होता, साठ हजारांचा. तेवढ्या पैशांत भातगिरणीतून थेट तांदूळ आला असता, मधला कुणीच राहिला नसता.

त्या आधीच्या सोमवारी सकाळच्या लाँचने एक माणूस उतरला. भोल्याकडचा, ताजुल नावाचा, पन्नाशीचा, एका डोळ्यात फूल पडलेलं. टपरीवर त्याने लोकमान हावलादारचं घर विचारलं.

टपरीवाला मोतालेब म्हणाला, "अहो, तो तर मेला."

"हो," ताजुल म्हणाला. "तेच सांगायला आलोय."

मोतालेब त्याला घेऊन अंगणात आला, तेव्हा मी तिथेच होते. दोन्ही चुली पेटलेल्या होत्या. ताजुल उभाच राहिला. हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"येत्या शुक्रवारी बावीस दिवस होतील," तो म्हणाला. "वरून पत्रा आला. मोठा. आम्ही चौघं होतो, तिघं सुटलो. तिथेच दफन केलं, नीट केलं. तुमचा पत्ता कुणाकडे नव्हता. गावाचं नाव तेवढं तो सांगायचा."

पियाराने जुडगा फिरवला, चाळणीवर उलटा केला. "दिवसा की रात्री?"

"दुपारी. जेवणाच्या आधी."

"जेवणाच्या आधी," फुलबानू म्हणाली. तिला नेमकं तेवढंच ऐकू आलं होतं.

मला वाटतं, त्या माणसाला रडारड अपेक्षित होती आणि तिच्यासाठी त्याने मनाची तयारी केली होती. ती झाली नाही, म्हणून तो बोलत सुटला. चांगला माणूस होता, सगळ्यांना हसवायचा, फोरमनची नक्कल करायचा. दुसरं लग्न वगैरे काही नव्हतं. पैसे राहत नव्हते हातात, एवढंच. पैसे नाहीत म्हणून फोन नाही, मग फोन नाही म्हणून लाज, मग लाज वाढत गेली. "मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात आला होता की इथे," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही?"

"इथे?" मी विचारलं.

"घाटापर्यंत. लाँचमधून उतरला, टपरीवर चहा घेतला. टोपी होती, दाढी वाढलेली, कुणी ओळखलं नाही. त्याने म्हणे गंमत म्हणून विचारलं, लोकमान हावलादार कुठे राहतो. तर टपरीवाल्याने सांगितलं, त्याचं तर चाळिसावं होऊन गेलं. बदकाचा रस्सा होता. राणीमावशी अशी रडली, की अख्खा गाव रडला. बायको आता स्वतःचा तांदूळ भाजते."

मोतालेब म्हणाला, "अल्ला. मला आठवतो तो माणूस." आणि खाली बसला.

"त्याच लाँचने परत आला. खोलीवर आम्हाला हसत हसत सांगितलं. म्हणाला, जेवण झालंय रे माझं, आता कुठे जाऊ? वर्षभर सांगायचा ती गोष्ट. नवा माणूस आला की त्याला सांगायचा. आम्ही त्याला चाळिसाव्याचा हावलादार म्हणायचो."

पियाराने मडक्यातल्या वाळूकडे पाहिलं. वाळू तापली की थांबत नाही, तांदूळ ओतावाच लागतो. फुलबानूने ओतला. पियाराने फिरवला.

"कुठला महिना?" तिने विचारलं.

"पौष असेल. थंडी होती."

"पौषात आमची रोज दोन पोती निघत होती," ती म्हणाली. "घाटावरून धूर दिसतो."

ताजुलने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग त्याला आठवलं. "येताना चुरमुरे आणले होते त्याने. किलोभर. सगळ्यांना वाटले. घरचे आहेत म्हणाला. लाल दोऱ्याची पिशवी होती."

फुलबानूने मान वर केली. "काय म्हणतोय?"

मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, चुरमुरे नेले होते.

"खाल्ले का त्याने?"

"खाल्ले, आजी. माझ्यासमोर खाल्ले. मोहरीचं तेल आणि कांदा घालून."

"मीठ बरोबर होतं का, विचार त्याला," फुलबानू मला म्हणाली.

"बरोबर होतं, आजी."

ती पुन्हा तांदूळ परतायला लागली. पिशवीत एक लुंगी होती, बंद पडलेला फोन होता, आणि मजुरांनी वर्गणी काढून दिलेले बत्तीसशे टका. पियाराने ताजुलला भात वाढला, अंगणात चाळिसाव्याची पंगत बसली होती त्याच जागी. तो संध्याकाळच्या लाँचने गेला.

दुपारी हुजूर आले. टपरीवरून बातमी सगळीकडे गेली होती. दारातच उभे राहून दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मोठा पेच आहे. आधीची दुवा जिवंत माणसासाठी झाली. आता खऱ्याचं करायला हवं. आणि सुनेला आजपासून नाही, तो गेला त्या दिवसापासून चार महिने दहा दिवस घरात बसायला लागेल."

झालेले दिवस वजा करून किती राहतात, ते प्रत्येकीने मनात मोजलं असेल. पुरा रमजान आत जात होता, ईदही. मंगळवार तर दुसऱ्याच दिवशी होता.

हुजूर फुलबानूशी मोठ्याने बोलले, "लोकमानच्या आई, मुलाचं चाळिसावं करायचं का?"

"झालंय," फुलबानू म्हणाली.

"ते खरं नव्हतं."

"माझी सात बदकं खरी होती," ती म्हणाली. "तुम्ही दोनदा रस्सा घेतलात."

हुजूर भला माणूस. ते ओठातल्या ओठात दुवा म्हणून गेले.

मंगळवारी ओसरी भरलेली होती. पियारा आली, आपल्या जागी बसली, हप्ता दिला. इमदादुल सरांनी नवा फॉर्म काढला. घाटावरूनच आले होते ते, चहा घेऊन. त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, धंदा लिहिला. मग पेन थांबलं.

"काल कुणी पाहुणा आला होता म्हणे तुमच्याकडे?"

"आला होता," पियारा म्हणाली.

"फॉर्मवर पतीच्या मृत्यूची तारीख लागते," सर म्हणाले. "जुनी आणि नवी जुळली नाही, तर वरच्या कचेरीत हे कर्जही अडेल आणि आधीचंही उकरतील. पूर्ण गटाचं." ते तिच्याकडे बघत नव्हते. "मी फक्त विचारतोय. काय लिहू?"

आंगुरीने श्वास रोखला होता, मला तिचा खांदा दिसत होता. पाचही पिवळी पुस्तकं पाच मांड्यांवर होती.

"एकोणीस जानेवारी," पियारा म्हणाली.

"नक्की?"

"आधी लिहिलीय तीच."

आंगुरी म्हणाली, "सर, चाळिसाव्याला आम्ही जेवलोय." पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता, नदीपलीकडे गेला नसता.

सरांनी तारीख लिहिली. पियाराने सही केली. दोन वर्षांत ती सही करायला शिकली होती. तीन अक्षरं, शेवटचं जरा खाली उतरणारं. फुलबानूचा अंगठा सर घरी जाऊन घेणार होते, ती चूल सोडून येत नसे.

बैठक उठली. बायका चटया गुंडाळायला लागल्या. पियारा पायरीपर्यंत गेली आणि परत वळली. मला वाटलं, आता. एवढ्या वर्षांनी, माझ्याच ओसरीवर. मी खांबाजवळून पुढे झाले.

"मावशी," तिने विचारलं, "एकोणीस जानेवारीला काय झालं होतं?"

"आमच्या कंपनीचा शेवटचा प्रयोग."

"माणसं होती का?"

"साठेक असतील. मांडव हजार माणसांचा होता."

तिने मान हलवली. "आमच्याकडेपण तेवढीच होती," ती म्हणाली आणि पुस्तक पदराखाली धरून घराकडे निघाली. तांदूळ मिठात कालवून आली होती.